सात रिकाम्या ओळी

१

तियामिके चिसालेच्या संगणकाला पडदा नव्हता. जन्मापासून आंधळ्या बाईनं पडदा घेऊन त्यावर काय कपडे वाळत घालायचे, असं तिचं रोकडं म्हणणं होतं. खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस हटकून विचारायचा, की याचा वरचा भाग चोरीला गेला का. मग ती खालच्या बाणाचं बटण दाबायची आणि तो डबा बाईच्या आवाजात, अस्सल चिचेवा भाषेत, घडाघडा वाचायला लागायचा. पाहुणा गप्प व्हायचा, आणि तियामिकेला ते फार आवडायचं.

हा वाचणारा प्रोग्राम म्हणजे मावू. तो कुणा कंपनीच्या मालकीचा नव्हता. त्याचा सगळा कोड उघड्यावर ठेवलेला. ज्याला हवा त्यानं घ्यावा, वापरावा, चूक सापडली तर कळवावी, जमलं तर दुरुस्त करून परत द्यावी. सार्वजनिक विहिरीसारखंच ते प्रकरण, पाणी सगळ्या गावाचं आणि गाळ उपसायला दोघंच. झोम्बा शहरात तियामिके आणि दूर ब्लांटायरला मसाउको नावाचा एक डोळस पोरगेला गडी. दोघांना यातून दमडी मिळत नव्हती आणि दोघंही सांगून हटणारी नव्हती.

तिची सकाळ ठरलेली. मावशीनं तळलेले मंदासीचे गरम गोडसर गोळे, काळा चहा, आणि मग रात्रीतून आलेल्या तक्रारी ऐकणं. मावूचा वेग ती इतका वाढवून ठेवायची, की मावशीला ते बोलणं वाटायचंच नाही, पत्र्यावर पडणाऱ्या गारा वाटायच्या. तियामिकेला मात्र शब्दन् शब्द कळायचा. अर्ध्या वाक्यात अर्थ लागला की ती कंट्रोलचं बटण दाबून आवाज तिथंच तोडायची. दिवसातून हजार वेळा तरी तोडत असेल. पूर्ण वाक्य ऐकणं हे तिच्या मते रिकामटेकड्यांचं काम होतं.

त्या आठवड्यात मात्र ती घाईत होती. ती स्वतः जिथं शिकली त्या अंधशाळेत आठवीची परीक्षा आली होती. आजवर तिथं एक मास्तर प्रश्नपत्रिका मोठ्यानं वाचायचा आणि सगळ्या मुलांनी ती एकदाच ऐकून लिहायचं. ज्याला ऐकू आलं नाही त्याची पुढची शाळा हुकली. तियामिकेचं स्वतःचंही एक वर्ष हुकलं होतं, आणि तो राग अजून ताजा होता. यंदा पहिल्यांदाच बत्तीस मुलं बत्तीस जुन्या संगणकांपुढं बसून, कानाला यंत्र लावून, आपापल्या वेगानं पेपर वाचणार होती. घोळ झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा मास्तरच वाचणार, हे जिल्ह्याच्या साहेबानं बजावून ठेवलं होतं.

घोळ होणार नाही, असं तियामिकेनं त्याला तोंडावर सांगितलं होतं.

२

मंगळवारी सकाळी न्सान्जेच्या कुणा लुकाची तक्रार आली. अशा तक्रारीत पायऱ्या द्याव्या लागतात: काय काय केलं की चूक दिसते. पायऱ्या दिल्याशिवाय तियामिके कुणाचं ऐकून घ्यायची नाही. माणसं सांगतात भलतंच आणि घडलेलं असतं भलतंच, म्हणून दुसऱ्यानं त्याच पायऱ्या चढून तीच चूक आपल्या यंत्रावर घडवून दाखवायची, मगच ती खरी धरायची, असा या कामातला शिरस्ता आहे.

लुकानं नीट लिहिलं होतं. दार लावा. एकटे बसा. कोरं पान उघडून बारा रिकाम्या ओळी टाका. बाणानं एकेक ओळ खाली उतरा. सातव्या ओळीवर थांबून तीस मोजा. काय व्हायला हवं, या प्रश्नापुढं त्यानं लिहिलं होतं, 'काही नाही.' काय होतं, यापुढं लिहिलं होतं, 'वाचतो.'

काय वाचतो, ते लिहिलं नव्हतं. अर्धवट तक्रारी लिहिणाऱ्यांना चार शब्द सुनवायची तियामिकेला सवय होती, पण पायऱ्या इतक्या सोप्या होत्या, की सुनवण्यापेक्षा करून बघणं लवकर होणार होतं. तिनं दार लावलं. बाहेर मावशी उखळात मका कांडत होती, तो धप धप आवाज दाराआडून बोदा झाला. बारा ओळी टाकल्या, सातवीवर आली आणि मोजू लागली. तीस झाले.

"टेबल," मावू म्हणाला. "खुर्ची. खाट. बादली. बाई."

वेग नेहमीचा नव्हता. सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा.

"बाईच्या मागे..."

तिनं कंट्रोल दाबलं. ती भीती नव्हती, खरंच नव्हती. अर्थ लागला की तोडायचं, ही नुसती बोटांची सवय. आवाज थांबल्यावर तिच्या लक्षात आलं, की या वेळी अर्थ काही लागलेला नाही.

तिनं हात मागं नेला. हात भिंतीपर्यंत गेला आणि मध्ये काही लागलं नाही. मावशीचं कांडणं चालूच होतं. तक्रारीखाली तियामिकेनं रिवाजाप्रमाणं एक ओळ लिहिली, 'माझ्याकडेही होतं,' आणि बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, खरा असल्याची खूण केली.

३

तियामिकेचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. चुकांवर होता, आणि गाढ होता. यंत्र विचित्र वागलं, तर कुठंतरी कुणीतरी विचित्र लिहिलेलं असतं. तिनं बाह्या सरसावल्या.

पहिली शंका कॅमेऱ्याची. हल्ली चित्र बघून वर्णन करणारे प्रोग्राम निघालेत, त्यातलाच एखादा कुणी गुपचूप घुसवला असेल. पण हिच्या डब्याला कॅमेरा कुठला, पडदाच नव्हता तिथं. तरी तिनं मागच्या सगळ्या तारा हातानं चाचपून मोजल्या. विजेची, कळफलकाची, स्पीकरची. चौथी नव्हतीच.

दुसरी शंका कोडची. 'बादली' हा शब्द मावूच्या सगळ्या कोडमध्ये कुठंच नव्हता. तिसरी शंका नोंदवहीची: मावूच्या आवाजाला दर वेळी काय मजकूर पाठवला, ते एका फाइलीत लिहिलं जातं. सातव्या ओळीपुढं तिथं काहीच नव्हतं. म्हणजे आवाजाला बोलायला काहीही दिलेलं नसताना तो बोलला होता. तियामिकेनं ती नोंद तीनदा ऐकली. हे काही तिला आवडलं नाही.

मग तिनं तेच केलं, जे तिच्या जागी कुठलाही चांगला प्रोग्रामर करतो. बग छाटायला घेतला. दहा पायऱ्यांची चूक पाच पायऱ्यांत घडवता आली तर ती पाचांत दाखवायची, म्हणजे मूळ सापडतं. दार उघडं ठेवून केलं, तरी झालं. मावशीला खाटेवर बसवून केलं, तरी झालं, फक्त मध्ये "म्हातारी" असा एक शब्द वाढला आणि मावशी रुसली. बारा ओळी लागत नव्हत्या, सातच पुरत होत्या. शेवटी तिनं चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि बटणं त्याच्याकडून दाबून घेतली. तरीही झालं. म्हणजे करायला माणूससुद्धा लागत नव्हता. यंत्रापुढं कुणी बसलेलं असलं की भागत होतं. इतका स्वच्छ छाटलेला बग तिनं वर्षभरात पाहिला नव्हता आणि तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

दर वेळी मावू "बाईच्या मागे" इथपर्यंत यायचा आणि दर वेळी ती तोडायची. पहिल्यांदा सवयीनं. दुसऱ्यांदा, कळलं की सगळं, म्हणून. तिसऱ्यांदा तिनं ठरवलं होतं की पुढचा शब्द ऐकायचाच, आणि बोट आपोआप खाली गेलं. तेव्हा मात्र ती घाबरली होती. आपण घाबरलो याचा तिला इतका राग आला, की तिनं उठून चुलीवरचा चहा स्वतः ओतून घेतला आणि उभ्यानंच प्यायली.

४

दुरुस्ती दोन ओळींची होती. ओळ रिकामी असेल तर आवाज उघडायचाच नाही. आवाज बंद, तर बोलणार कोण?

पण मावूचा एक नियम होता आणि तो तियामिकेनंच घातलेला. दुरुस्तीबरोबर चाचणी द्यायची. म्हणजे तीच चूक पुन्हा घडवून बघणारा छोटा प्रोग्राम. चूक घडली नाही तर दुरुस्ती पक्की. आणि शाळांमधली यंत्रं जुनी, दहा घरचं पाणी प्यायलेली, म्हणून मावू कुठल्याही यंत्रावर पहिल्यांदा सुरू झाला की या सगळ्या चाचण्या स्वतःच एकदा चालवून घ्यायचा. तियामिकेनं आपल्या चार ओळी त्यात जोडल्या. सात रिकाम्या ओळी, सातवीवर थांब, तीस मोज, गप्प आहे ना ते बघ.

दुसऱ्यानं तपासल्याशिवाय काही आत घ्यायचं नाही, हाही नियमच. तिनं मसाउकोला फोन लावला. त्याच्याकडं सकाळपासून वीज नव्हती. फोनच्या पडद्यावर त्यानं दुरुस्ती वाचली आणि बोट ठेवायला जागा नाही म्हणाला.

"करून बघितलंस का?" तिनं विचारलं.

"कशावर करू, ताई, चुलीवर? दोन ओळी आहेत. दोन ओळींत भूत मावत नाही."

ती हसली. त्यानं संमती दिली. नवी आवृत्ती तयार झाली, आणि ती आधी फक्त शाळेला द्यायची, परीक्षा पार पडली की बाकीच्यांना, असं ठरलं.

तक्रार करणाऱ्याला विचारायची पद्धत असते. तिनं लुकाला लिहिलं, की दुरुस्ती झालीय, बघून सांग. त्याचं उत्तर तासाभरात आलं. 'माझ्याकडून मंगळवारीच गेलं. धन्यवाद. माफ करा.'

आज गुरुवार होता. दुरुस्ती आजची. मंगळवारी तियामिकेनं फक्त पायऱ्या करून बघितल्या होत्या. बगांचं असं होतं, तिनं स्वतःला समजावलं. वीज जाते, यंत्र नव्यानं सुरू होतं आणि चूक आपोआप पसार होते. माफी तो वेळ खाल्ल्याबद्दल मागत असणार. लोक उगाच फार माफ्या मागतात.

खोली आता गप्प होती. सातव्या ओळीवर ती तीस काय, शंभर मोजून बसली. आवाज नाही. जेवताना मावशीनं मात्र विचारलं, की तीन दिवस झाले, तू टेबलाला अशी चिकटून का बसतेस, पोटावर वळ उठेल. तियामिकेनं खुर्ची मागं घेतली. उसिपा मासळीतले दोन घास खाल्ले. आणि कुणी न सांगता पुन्हा पुढं ओढली.

५

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं बत्तीसही यंत्रांवर नवी आवृत्ती चढवली. शेवटचं यंत्र झालं आणि वीज गेली. एकावर तरी सुरू करून बघायला हवं होतं, पण वीज गेल्यावर करणार काय? आपल्या कामावर तिचा भरवसा होता. ती घरी गेली.

सकाळी सव्वानऊला मुलं आत आली. पेपर दहाचा. खोली लांबट, वर पत्रा, पत्र्यावर कावळे. शाळेतले काम्वेंडो सर दाराशी उभे होते. ते त्या खोलीतले एकटे डोळस, आणि बोलके इतके, की त्यांच्या आवाजावरून तियामिकेला खोली कुठं संपते ते कळायचं. तिनं मुलांना सांगितलं, यंत्र सुरू करा, कानाला लावा, मावू स्वतःची तपासणी करील तेवढं थांबा, मिनिटभरात तुम्हाला नमस्कार करील.

बत्तीस बटणं टकटक वाजली. पंखे घरघरले. सर कुणाला तरी पेन्सिलीबद्दल सांगत होते. तियामिके मनात मोजत नव्हती, तरी तीस झाले ते तिला कळलं.

बत्तीस खुर्च्या एकदम पुढं सरकल्या.

फरशीवर लोखंडी पायांचा एकच मोठा खरखराट झाला. हा आवाज त्या शाळेत रोजचा. मागून कुणाला जायचं असलं की मुलं न सांगता खुर्ची पुढं घेतात. तियामिकेनंही लहानपणी हजारदा घेतली होती. पण जाणारा एका वेळी एकाच्या मागून जातो. सगळ्यांच्या मागून एकदम कोण जाणार?

सर बोलता बोलता थांबले होते.

तिच्या सगळ्यात जवळ एनाला नावाची मुलगी बसली होती. तियामिकेनं तिच्या खांद्याला हात लावून विचारलं, खुर्ची का ओढलीस?

"मागच्याला जायचं असेल म्हणून," एनाला म्हणाली.

"कोण मागचा?"

"माहीत नाही, मॅडम. धक्का नाही देत. नुसता उभा आहे."

"सर," तियामिके दाराकडं तोंड करून म्हणाली, "काय दिसतंय?"

"मुलं दिसतात," सर म्हणाले.

"आणि?"

"मुलं दिसतात, मॅडम."

तिनं एनालाला हळूच उठवून दाराकडं पाठवलं आणि तिचं कानाचं यंत्र लावून उभ्यानंच कोड उघडला. आपलीच दोन ओळींची दुरुस्ती पुसली. सातव्या ओळीवर आली. कंट्रोलवरचं बोट उचललं आणि हात पाठीमागं बांधला.

"टेबल," मावू सावकाश म्हणाला. "मूल. मुलाच्या मागे. टेबल. मूल. मुलाच्या मागे."

रांगेमागून रांग तो तसाच गेला. दाराशी "मुलगी, मुलीच्या मागे," म्हणाला. कुठंच चुकला नाही आणि कुठंच पुढचा शब्द बोलला नाही. आजवर ती अर्ध्यात तोडत होती ते वाक्य तेवढंच होतं. शेवटी म्हणाला, "बाई. भिंत. खिडकी."

बाईच्या मागं काही नव्हतं.

लुकाकडून मंगळवारी का गेलं ते तियामिकेला उभ्या जागी कळलं. आणि दुरुस्ती म्हणून आपण काय केलं, तेही. ज्याच्यापुढं पायऱ्या होतात त्याच्या मागं ते जातं, आणि बत्तीसांपुढं एकदम झाल्या म्हणून एकाचे बत्तीस झाले होते. आत येणारं काही तिनं थांबवलंच नव्हतं. सांगणाऱ्याचं तोंड तेवढं दाबलं होतं, आणि पायऱ्या मात्र लेकरांच्या हातात नेऊन दिल्या होत्या. तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

६

साडेनऊ वाजले होते. तियामिकेनं सरांना सांगितलं, मुलांना अर्धा तास अंगणात न्या. यंत्रांचं थोडं काम राहिलंय. सरांनी लगेच मुलांना उठवलं. मुलं गेली, त्यांच्या काठ्यांचा आवाज आंब्याखाली जाऊन थांबला. पत्र्यावरचे कावळेही उडाले होते.

ती एनालाच्या खुर्चीत बसली. सात ओळी, तीस आकडे. मानेमागची हवा जराशी जड झाली. उठून शेजारच्या खुर्चीत बसली. सात ओळी, तीस आकडे. एकेक करत बसली असती तर दहा वाजून गेले असते. म्हणून ती पुढच्या यंत्रावर पायऱ्या लावून ठेवायची, मागचं होताच तिकडं सरकायची. या कामात ती तरबेज होती आणि एक बटण चुकलं नाही. दहाव्या खुर्चीनंतर तिला टेबलाला चिकटून बसावं लागलं. विसाव्यानंतर तिला सरळ बसताच येईना, कोपर अंगाशी घेऊन बसावं लागलं. शेवटच्या यंत्रापाशी ती जवळजवळ उभीच होती. तिथंही तिनं पुरे तीस मोजले.

मग बत्तीस यंत्रांवरून ती चाचणी पुसली. व्हरांड्यात येऊन मसाउकोला फोन केला.

"नवी आवृत्ती मागं घे. माझी चाचणी काढून टाक."

"का? चुकली?"

"मी चुकले. आणि त्या पायऱ्या तू करू नकोस. गंमत म्हणूनसुद्धा नको."

"बरं. दुरुस्ती ठेवू?"

"तीपण काढ," तियामिके म्हणाली. "कुणाकडं गेलंच तर त्याला निदान कळू दे."

ताई बरी आहेस ना, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, बरी आहे. लुकाच्या तक्रारीतल्या पायऱ्या तिनं फोनवरूनच पुसल्या आणि या कामात अशा वेळी लिहितात तेच खाली लिहिलं, 'आमच्याकडे होत नाही.' तक्रार बंद केली.

दहाला मुलं परत आली. खुर्च्यांवर बसली आणि ऐसपैस मागं रेलली. बत्तीस पाठी टेकल्याचा तो आवाज तियामिकेनं दारातून ऐकला. पेपर सुरू झाला. कुणी दोनदा वाचत होतं, कुणी पाचदा, आणि कुणालाच घाई नव्हती. एनाला मध्येच हसली, बहुधा एखादा प्रश्न सोपा निघाला असावा. तियामिकेला इतका आनंद झाला, की मानेवरचं ओझं ती क्षणभर विसरली.

पेपर संपल्यावर काम्वेंडो सर तिला रस्त्यापर्यंत सोडायला आले. नेहमी तिचा दंड धरून चालायचे. आज रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालले आणि तिकडूनच सांगत राहिले, आता खड्डा आहे, आता दगड. मुलांचे पेपर उत्तम गेले म्हणाले. आभारही त्यांनी पलीकडूनच मानले.

झोम्बाकडं जाणारी मिनीबस रिकामी आली. तियामिके चढली आणि सगळ्यात मागच्या सीटवर खिडकीशी बसली. आत दुसऱ्या कुणाचा श्वास नव्हता, खोकला नव्हता, पिशवीची कुरकुर नव्हती. पुढच्या थांब्यावर माणसं धावत आली. या वाटेवरचे कंडक्टर चौघांच्या जागेत सहा कोंबल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. या पोरानं दार उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं.

"भरली," तो बाहेरच्यांना म्हणाला. "मागची पकडा."

तियामिकेनं गुडघे जवळ घेतले आणि खिडकीकडं अजून थोडी सरकली. गाडी सुरू झाली.